मनाई : एका शब्दाची कुळकथा

श्रोतेहो, बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या कोर्टाच्या आवारात घटकाभर उभे राहा. कोणी ना कोणी बांधाचा तंटा घेऊन आलेला असतोच. "आम्हांला मनाई मिळाली!" असे तो हर्षाने सांगतो, आणि गावी जाऊन पेढे वाटतो. पण मनाई म्हणजे काय?

काहींना वाटते, हा शब्द 'मन'पासून निघाला असावा. तसे नाही बरे! मन संस्कृतातले, मनाई अरबीतली. अरबीत 'मनअ' म्हणजे अडविणे, रोखणे. तेथून हा शब्द फारसीत गेला आणि फारसी दरबाराच्या वाटेने मराठीत आला. त्याचा जोडीदार 'हुकूम' हाही त्याच वाटेचा वाटसरू.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी हुकूम, फिर्याद, मुदत हे शब्द लोकांच्या जिभेवरून हलले नाहीत. आपल्या भागात तर ते अधिकच रुजले. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली. शेतकरी बोले मराठीत, सरकारी कागद उर्दूत! कागद वाचता येत नसे, पण 'मनाई हुकूम' हे नाव मात्र तोंडी बसले. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, शब्द टिकला.

आता मूळ अर्थाकडे पुन्हा पाहा. मनाई हात रोखते. जमीन कोणाची, हे ठरवीत नाही. तात्पुरती मनाई देताना कोर्ट तीन गोष्टी पाहते : सकृद्दर्शनी दाव्यात तथ्य आहे काय, गैरसोय कोणाची अधिक, आणि भरून न येणारे नुकसान होईल काय. साक्षीपुरावा पुढेच असतो. दावा शेवटास जाऊन निकालात मिळते ती कायमची मनाई. तात्पुरती मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

तेव्हा मंडळी, तात्पुरती मनाई मिळाली म्हणून पेढे वाटू नका, आणि विरुद्ध मिळाली म्हणून कुऱ्हाड घेऊन बांधावर जाऊ नका. पुढची तारीख लिहून ठेवा, आणि त्या दिवशी कागद घेऊन कोर्टात हजर राहा.