सर्वांत कमी धोक्याचा पट्टा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, किल्लारीची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. भूकंपाच्या सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ साली तो पट्टाच रद्द झाला आणि दुसरा पट्टा तळाचा ठरला. नागपूर त्या दुसऱ्या पट्ट्यात आहे.

१९९३ सालीच आय.एस. १३९२० हे मानक आलं. किल्लारीमुळे नव्हे, त्याची मुळं १९७६ च्या आय.एस. ४३२६ मध्ये आहेत. काँक्रीटच्या सांगाड्याने मोडण्याआधी वाकावं, हा त्यामागचा विचार. या गुणाला तन्यता म्हणतात. त्यासाठी तुळईच्या टोकांशी रिंगा दाट बांधायच्या आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळवायचे. ९० अंशांचा हुक बाहेरचं काँक्रीट गळून पडलं की उघडतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत १५ सेंटीमीटरचे ठोकळे दाबून फोडायचो. एम २० चा ठोकळा ४५ टनांच्या आसपास कुरकुरत फुटतो. एम ६० चा १३५ टनांपर्यंत हूं की चूं करत नाही आणि मग धाडकन उडतो. ताकद तिप्पट, पण पूर्वसूचना जवळपास नाही. आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत तर तळटीपच होती: एम ५५ च्या वर इथली गणितं लागू पडतीलच असं नाही.

गंमत अशी, की सळई तेवढीच ठेवून काँक्रीट भारी वापरलं तर तुळई उलट जास्त वाकते. दाब पेलायला काँक्रीटचा उथळ थर पुरतो आणि सळईला ताणायला वाव मिळतो. पण सळई तेवढीच ठेवतो कोण? भारी काँक्रीट परवडावं म्हणून तुळई बारीक करतात, मग तिच्यात सळया ठासून भरतात. सळई ताणली जाण्याआधीच काँक्रीट चिरडलं, की तो प्रयोगशाळेतला ठोकळाच झाला. अशा वेळी काँक्रीटला आवळून धरणाऱ्या रिंगांवर बरंच अवलंबून असतं.

२०१६ च्या सुधारणेनुसार आठ मिलिमीटरच्या रिंगेच्या हुकाला वळणापुढे किमान ६५ मिलिमीटर शेपूट लागतं. तिसऱ्या पट्ट्यापासून पुढे हे मानक सक्तीचं आहे. दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे नागपुरात, ऐच्छिक.