वस्तादाची पोर

जिंतूरकडच्या आमच्या गावात आबांना सगळे वस्ताद म्हणत. जत्रेतल्या नारळाच्या, मग फेट्याच्या कुस्त्या मारून गुडघा गेला, तेव्हा ते पोरं घडवायला लागले. तालमी इथं जुन्याच. निजामाच्या राज्यात आर्य समाजानंही आखाडे काढले होते. निजामाविरुद्धच्या 1938-39 च्या सत्याग्रहाच्या गोष्टी आबा पोरांना सांगत. आम्हाला कधी नाही.

आमचं रान काळं, म्हणून हौद्याची तांबडी माती बाहेरून गाडीनं यायची. तिच्यात ताक, हळद, लिंबू, गोडं तेल मुरवायचं. तेल आईच्या बरणीतलं. म्हशीचं दूध आधी तालमीत जाई, उरलं तर आम्हा भावंडांना. आई बोलत नसे, भांडी आपटी. थोरला भाऊ यावरून घर सोडून गेला. पठ्ठ्यांचं वजन तोळ्यावर ठाऊक असलेल्या माणसाला माझी इयत्ता ठाऊक नव्हती, हे मी अजून माफ केलेलं नाही.

बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा दंडक. मी खिडकीतून डाव शिकले.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासूनची. बायकांची पहिली 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत झाली. गदा प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आबा तोवर गेले होते.