हिरव्या भुकटीचं कूळ

देवळ्याच्या मुरमाड रानात डाळिंबाची एखादीच फांदी पिवळी पडली की शेतकऱ्याच्या पोटात धस्स होतं. ती फांदी आडवी कापली आणि आतल्या लाकडात करडे-काळपट डाग दिसले, तर तो मर रोग. सेराटोसिस्टिस ही बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते आणि उभं झाड वाळतं. त्यावर कृषी सेवा केंद्रातून जी भुकटी येते, ती ट्रायकोडर्मा. सगळे तिला औषध म्हणतात. कुळाने मात्र तीही बुरशीच.

नाव 1794 चं, ख्रिस्तियान पर्सून यांनी दिलेलं. ग्रीकमध्ये 'थ्रिक्स' म्हणजे केस आणि 'डर्मा' म्हणजे कातडी. केसाळ आवरणात पीठ भरावं तशी ती त्यांना दिसली होती. तिचा खरा गुण कळायला 1932 उजाडलं. कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की तिचे तंतू रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालतात आणि त्यांवरच पोसतात. पुढे कळलं, की ती शत्रूची पेशीभित्ती विरघळवणारी विकरं सोडते आणि मुळांभोवतीची जागाही आधीच अडवून बसते. म्हणून मराठीत ती 'मित्रबुरशी' झाली.

हा मित्र जिवंत आहे, हेच आपण विसरतो. घरात विरजण कोणी उकळत्या दुधात घालत नाही. ट्रायकोडर्मा मात्र कोरड्या, तापल्या मातीत फेकली जाते, वर लगेच रासायनिक बुरशीनाशक ओतलं जातं. मग गुण येणार कसा?

चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळा, ढीग सावलीत ठेवा, ओल्या गोणपाटाने झाका, ओल तुटू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी गोणपाट उचललं की पांढरी जाळी आणि तिच्यावर हिरवी झाक दिसते. मग ते खत मुळांशी द्या. कांद्याचं उळं, म्हणजे बी, टाकतानाही किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम भुकटी चोळा.

नळ्या बंद झालेलं झाड ती उठवू शकत नाही. म्हणून तिची वेळ पान पिवळं पडल्यावरची नाही. रोप लावायच्या खड्ड्यात, पहिल्या टोपलीभर शेणखतासोबत तिने मुळांआधी पोचायला हवं.