फेंटॅनिल, आयातशुल्क आणि झाशीची जकात-रेषा

अमली पदार्थांची तस्करी रोखण्यासाठी आयातशुल्काचा वापर अमेरिकेने २०२५ मध्ये केला. फेंटॅनिल या कृत्रिम अमली पदार्थाचा ओघ ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे जाहीर करून अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ फेब्रुवारीपासून चिनी मालावर १० टक्के अतिरिक्त शुल्क लावले. ४ मार्चला ते २० टक्के झाले. त्याच दिवशी कॅनडा व मेक्सिकोच्या मालावरही २५ टक्के शुल्क लागू झाले. फेंटॅनिलसाठी लागणाऱ्या रसायनांवर नियंत्रणाचे आश्वासन चीनने दिल्यानंतर नोव्हेंबरमध्ये चीनवरील हे शुल्क निम्मे करण्यात आले. मात्र या आणीबाणीविषयक कायद्याखाली शुल्क लावण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२६ रोजी दिला.

अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू २०२४ मध्येच सुमारे २७ टक्क्यांनी घटले होते, म्हणजे शुल्कापूर्वीच. मूळ अडचण वेगळी आहे. शुल्क आकारले जाते ते कागदोपत्री दाखवलेल्या मालावर. गुजरातमधील दोन रसायन कंपन्यांवर अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये आरोप ठेवण्यात आले, तेव्हा काही पार्सलांवर ‘क जीवनसत्त्व’ असे लिहिले होते, असा अभियोग पक्षाचा दावा होता. अवघे दोन मिलिग्रॅम फेंटॅनिल प्राणघातक ठरू शकते. एवढा माल लपवणे कठीण नाही. त्या मानाने, ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी रद्द करण्याचा निर्णय अधिक नेमका म्हणावा लागेल. चीनपुरता तो २ मे २०२५ पासून अमलात आला.

जकात आणि चोरटा व्यापार यांचे नाते भारतालाही जुने आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांची अंतर्गत जकात-रेषा सिंधू नदीपासून आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा, चांदा या मार्गाने ओडिशाकडे जात असे. मिठावरील कर चुकू नये म्हणून तिच्या बऱ्याच भागावर काटेरी कुंपण वाढवले होते आणि हजारो शिपाई पहाऱ्यावर होते. तरीही चोरटे मीठ येतच राहिले, कारण रेषेच्या अलीकडील व पलीकडील दरांतील तफावतीतच नफा होता. सांभर सरोवराचे मीठ सरकारने भाडेपट्ट्याने आपल्या ताब्यात घेतले, करांचे दर जवळ आणले आणि १८७९ मध्ये ही रेषा मोडीत काढली.

मीठ कायदेशीर होते, फेंटॅनिलची तस्करी तशी नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण उगमापाशी नियंत्रण कसे असते, याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पालघर जिल्ह्यातील एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. तेव्हा भारतीय औषध नियंत्रकांनी अशा मिश्रणांच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्याच मागे घेण्याचे आदेश दिले.