जुना कागद आणि त्याचा वाचक



तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावोगावच्या जुन्या वह्या बांधून ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एका वहीला लोक 'कोतवाल बुक' म्हणतात. सरकारी भाषेत तो गाव नमुना १४. गावात कोण जन्मले, कोण वारले, ते तिच्यात लिहीत. नाव, बापाचे नाव, जात, तारीख. आजच्या पिढीच्या पणजोबाचा जन्म कुठे नोंदला असेल, तर बहुधा तिथेच. पण वही उघडावी तर अक्षरे मोडी! पणतू पदवीधर असतो, पण त्याला त्यातली एक ओळ लागत नाही. कागद खरा, त्यावरचा हक्कही खरा. मात्र कचेरीपर्यंत तो हक्क पोचवायला मध्ये एक वाचणारा माणूस लागतो. आज बोलायचे आहे ते या माणसाविषयी.

आता तुम्ही म्हणाल, ही अडचण आजकालची आहे. तसे नाही. राज्यकर्त्याची भाषा एक आणि रयतेची दुसरी, अशी स्थिती आपल्याकडे शतकानुशतके होती. निजामशाही-आदिलशाहीच्या काळातले असे कागद मिळतात, की त्यांत फारसी मजकूर आहे आणि त्याच कागदावर मराठी मजकूरही आहे. फारसी दरबारासाठी, मराठी पाटील-कुलकर्ण्यासाठी. पुढे मराठी राज्यात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी तो पारसनीस. हुद्दा गेला, पण आडनाव आजही पुण्यात ऐकू येते. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही याच गरजेतून. फारसी-अरबी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश. त्यात सुमारे चौदाशे शब्द आहेत. कारभाराचा शब्द आणि त्याचा अर्थ यांची सांगड पक्की असावी, ही राज्याची निकड असते, हे त्या काळीही ओळखलेले होते.

मोडीची गोष्ट थोडी वेगळी. ती मराठीच, पण भरभर लिहिण्यासाठी वळवलेली. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. शिवाय संक्षेप फार. नेहमीचा शब्द एका अक्षरावर आटोपलेला. लिहिणाऱ्या कारकुनाला आणि वाचणाऱ्या कारकुनाला रिवाज ठाऊक होता, म्हणून काम चाले. विसाव्या शतकात कचेऱ्या आणि शाळा बाळबोधाकडे वळल्या, मोडीचा सराव सुटला, आणि आपल्याच आजोबांचे अक्षर आपल्याला परके झाले.

जुन्या कागदाच्या वाचनावर घराण्याचे भवितव्य कसे लटकते, याचा मोठा अनुभव महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात घेतला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांच्याकडे इनाम जमिनी होत्या, त्यांनी आपला हक्क सिद्ध करायचा. सनद दाखवा, म्हणजे जमीन राहील! लोकांनी पेट्या उघडल्या, रुमाल सोडले. दाखवलेला कागद पुण्याच्या दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिला जाई. या कमिशनच्या कामात आपले लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरि देशमुख, अधिकारी म्हणून होते. कोणाची इनामे टिकली, कोणाची गेली. आणि या चौकशीमुळे दक्षिण महाराष्ट्रात मोठा असंतोष माजला.

या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. निकाल इंग्रज अधिकाऱ्याने दिला, तरी त्याच्यापुढे मोडी कागद उलगडून सांगणारा कोणी एतद्देशीय माणूस होता. त्याने 'दिले' वाचले की 'दिल्हे असे' वाचले, वंशपरंपरेचा शब्द सांगितला की गाळला, यावर एखाद्या घराची भाकरी अवलंबून असे. त्या वाचकांची नावे आज कोणाला माहीत नाहीत. जबाबदारी मात्र त्यांच्यावर केवढी होती!

ते पेशवे दफ्तर आजही पुण्यात आहे. कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत ते १८९१ च्या सुमारास आले. त्यातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तिथे मोडी शिकवली जाते. शासनाच्या पुराभिलेख खात्याचेही मोडीचे वर्ग चालतात. एके काळी या वर्गांना इतिहासाचे हौशी येत. अलीकडे तिथे पोटापाण्यासाठी शिकणारेही येतात, आणि त्याला कारण आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रथम मराठवाडा, मग सारा महाराष्ट्र. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दफ्तरे उघडली. कागद मोडीत, उर्दूत, फारसीत. मोडी जाणणाऱ्यांना बोलावणी गेली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो, आणि २००१ पासून अमलात असलेल्या जातपडताळणीच्या कायद्याने सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. म्हणजे जुना कागद शोधायचा अर्जदाराने, वाचून घ्यायचा अर्जदाराने. आणि लिप्यंतराखाली सही मोडी-जाणकाराची.

या कामात चूक कुठे होते, ते दोन उदाहरणांनी पाहू.

पहिले सालाचे. मराठवाड्यातल्या नोंदीत फसली सन असतो. निजामाच्या मुलखातल्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. १३३० फसली म्हणजे १९२०-२१. उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचा हिशेब मात्र ५९२-५९३ चा. एखाद्याने पुस्तकातून भलताच आकडा उचलला, तर पणजोबांचा जन्म दोन वर्षे पुढे सरकतो, आणि मग शाळेच्या दाखल्याशी मेळ बसत नाही. पेशवाईतल्या कागदांत तर साल अरबी शब्दांत असते. 'सीत समानीन मया व अलफ' म्हणजे सहा, ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून ११८६. हा सुहूर सन म्हणजे इसवी १७८५-८६. वाचकाने जसे आहे तसे 'सीत समानीन' लिहावे आणि आपले गणित शेजारी वेगळे मांडावे. म्हणजे गणित चुकले तरी मूळ शाबूत राहते.

दुसरे उदाहरण याहून नाजूक. समजा, जातीच्या रकान्यात कारकुनाने नुसते 'कु.' लिहिले आहे. पुढच्या-मागच्या ओळींवरून त्याचा अर्थ कुणबी असा लागत असेल, कदाचित नसेलही. समोर बसलेल्या मुलाची फी, त्याचा प्रवेश, त्याच्या बापाचा जीव त्या एका अक्षरात अडकलेला आहे. वाचकाच्या मनात कणव येते, येणारच. तरी त्याने लिहायचे 'कु.' एवढेच. त्याचा अर्थ काय असावा आणि तो कोणत्या ओळींवरून, हे टिपेत लिहावे. निर्णय कचेरीचा. कणवेपोटी कागदात घातलेले एक अक्षर पुढे उघडकीला आले, तर त्या मुलाचा दाखला जातोच, पण त्याच वहीतल्या दहा खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

हाच नियम साता समुद्रापलीकडेही चालतो. पुण्याहून किती मुले-मुली परदेशी स्थायिक होतात! तिथल्या कचेरीला जन्माचा, लग्नाचा दाखला हवा. कागद मराठी असला तर भाषांतर आले. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम असा, की भाषांतर पुरे आणि अचूक आहे व आपल्याला ही भाषा नीट येते, असे भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यावे. पुरे म्हणजे शिक्का, शेरा, खाडाखोड, सारे काही. २००५ पासून भारतातही 'अपोस्टिल' लावण्याची सोय झाली. पण बरं का, अपोस्टिल एवढेच सांगते, की दाखल्यावरची सही-शिक्का अस्सल आहे. आतला मजकूर खरा की खोटा, याची हमी ते देत नाही.

आणि नाव चुकीचे लिहिले गेले तर काय होते, ते मॉरिशसच्या मराठी माणसांना विचारावे. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर तिकडे गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. बंदरावरच्या कारकुनाने नाव कानाला लागले तसे रोमन लिपीत उतरवले. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय कार्ड देण्याचे जाहीर केले. आता सात पिढ्यांमागच्या त्या कारकुनाच्या कानावर आणि लेखणीवर वंशजाचा पुरावा उभा आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेच्या कपाटात जुने जनरल रजिस्टर असेल. त्याला वाळवी लागू देऊ नका. फिकट अक्षर शाईने गिरवू नका. गिरवलेल्या नोंदीची साक्ष कमी होते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल, तर न्यायालय तो अस्सल असल्याचे गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही राहिली आहे. तो योग्य ताबा म्हणजे तुमचे कपाट. जमले तर गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मोडी शिकायला पाठवा.

आणि शेतकरी बंधूंनो, लिप्यंतर हाती आले की मूळ नोंदीच्या छायाप्रतीला ते जोडून ठेवा. ओळ ओळीशी जुळते का, ते दुसऱ्या जाणत्याला दाखवून घ्या. 'तुम्हाला हवे तसे लिहून देतो' असे कोणी म्हणाला, तर त्याच्या दारातून परत फिरा. तुमच्या पणजोबांचे अक्षर आहे तसे वाचणारा माणूस शोधा. मग तो 'हे अक्षर मला लागत नाही' असे म्हणाला तरी चालेल.