मौनाची सभा व परभाषेची लेखणी

चार माणसें एकत्र बसून कांहीं ठरवूं लागलीं म्हणजे मतभेद हा व्हावयाचाच. आणि मतभेद झाला म्हणजे हात मोजावे व अधिकांचें तें खरें मानावें, हा मार्ग आज इतका रूढ झाला आहे कीं, याहून निराळा मार्ग असूं शकेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. परंतु सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशानें उदयास आलेल्या मित्रसमाजानें, म्हणजे जगास क्वेकर या नांवानें ठाऊक असलेल्या पंथानें, ही मोजणी वर्ज्य मानली. प्रत्येकाच्या अंतर्यामीं ईश्वरी प्रकाश आहे असें एकदां म्हटल्यावर एकावन्नांनीं एकोणपन्नासांस गप्प बसविण्याचा अधिकार उरत नाहीं. त्यांच्या कामकाजाच्या सभेस आरंभ मौनानें होतो. एकानें बोलावें, इतरांनीं ऐकावें, मध्यें कांहीं काळ स्तब्धता असावी. आणि सर्वांचा कल एका दिशेस वळला असें दिसल्यावर सभेच्या चिटणिसानें तो तेथल्या तेथें शब्दांत उतरवून वाचून दाखवावा. सभेस तो पटला तर निर्णय झाला. न पटला तर प्रश्न पुढील सभेवर जातो.

या सुंदर पद्धतींत एक नाजूक जागा आहे. मौनास भाषा नसते. नोंदीस मात्र असते. ती कोणाच्या भाषेंत लिहावयाची, या प्रश्नाचें महत्त्व वेल्समधील क्वेकरांच्या इतिहासांत फार स्पष्टपणें दिसून येतें.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. त्याची भाषा केल्टिक कुळांतली, इंग्रजीहून सर्वस्वी निराळी. १५३६ च्या कायद्यानें तेथील न्यायासनांची भाषा इंग्रजी ठरली. पण घरांत, शेतांत व बाजारांत लोक वेल्शच बोलत राहिले. १६५३ सालीं रेक्सॅम येथील धर्मोपदेशक मॉर्गन लुइड यानें या नव्या पंथाची माहिती काढण्यासाठीं दोन माणसें फॉक्सकडे पाठविलीं. त्यांतला जॉन आप जॉन हा पुढें त्या पंथाचाच झाला, आणि १६५७ त फॉक्स वेल्समध्यें फिरला तेव्हां तोच त्याचा सोबती व दुभाषी होता. डोल्गेथ्लाय गांवच्या रस्त्यांत जॉन उपदेश करीत असतां दोन धर्मोपदेशक त्याच्याशीं एकदमच वाद घालूं लागले, अशी हकीकत फॉक्सनें आपल्या रोजनिशींत दिली आहे. वाद वेल्शमध्यें चालला होता. फॉक्सनें जवळ जाऊन विचारलें कीं, विषय तरी काय, आणि तुम्ही एकेकानें कां बोलत नाहीं? भाषा न समजणाऱ्यासहि दोघे एकाच वेळीं बोलत आहेत एवढें समजतें. आणि क्वेकर सभेचा सारा शिष्टाचार या एका प्रश्नांत सांठविलेला आहे.

हे लोक थोरामोठ्यांसहि एकवचनानें संबोधीत. वेल्शमध्यें आपल्या ‘तूं’ व ‘तुम्ही’ यांसारखाच भेद आहे. तेव्हां हा प्रकार मानकऱ्यांस किती झोंबला असेल, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. शपथ घेण्यासहि ते नकार देत. सत्यवादी माणसाचा होकार हाच पुरेसा. शपथेची जोड दिली म्हणजे एरवीं आपण खोटें बोलतों असें कबूल केल्यासारखें होतें, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६६२ च्या कायद्यानें हा नकार व पांच किंवा अधिक क्वेकरांचें उपासनेसाठीं एकत्र जमणें हे दोन्ही गुन्हे ठरले. तुरुंगवास व गुरांढोरांची जप्ती हें वेल्समधील कित्येक क्वेकर कुटुंबांच्या नशिबीं आलें. या छळाच्या याद्या लंडनला पाठवावयाच्या, तेथील मध्यवर्ती सभेशीं पत्रव्यवहार ठेवावयाचा. यामुळें उपदेश वेल्शमध्यें होत असला तरी दप्तर मात्र इंग्रजींत राहिलें. ही सोय होती, व ती सकारणहि होती. परंतु सोयीची किंमत पुष्कळदां मागाहून कळते.

ती कळण्याचा प्रसंग अमेरिकेंत आला. १६८१ सालीं वेल्श क्वेकरांच्या पुढाऱ्यांनीं विल्यम पेन याच्याशीं पेन्सिल्व्हेनियांतील ४०,००० एकर जमिनीचा करार केला. तेथें आपले तंटे आपल्याच भाषेच्या पंचांनीं व न्यायाधीशांनीं मिटवावे, म्हणजे मायदेशीं न्यायासनांत जें लाभलें नाहीं तें परदेशीं लाभावें, ही त्यांची आशा. पेननें तसें अभिवचन दिल्याचें ते सांगत. पण तें तोंडी होतें, सनदांत उतरलें नव्हतें. पुढें परगण्याची सीमा त्यांच्या मुलखाच्या मधूनच गेली, आणि उरलेली जमीन इतरांसहि खुली झाली. त्यांनीं तक्रार केली. उपयोग झाला नाहीं. शपथेपेक्षां शब्द श्रेष्ठ मानणाऱ्या लोकांस, शब्द देणाराहि त्याच पंथाचा असतां, कागदानें हरविलें!

त्यांच्या भाषेचें काय झालें, हें एका पुस्तकाच्या चरित्रावरून दिसतें. डोल्गेथ्लायजवळचा एलिस प्यू हा धंद्यानें गवंडी. तोहि पेन्सिल्व्हेनियांत गेला व १७१८ त वारला. त्यानें आपल्या देशबांधवांस उद्देशून लिहिलेलें वेल्श पुस्तक १७२१ त फिलाडेल्फियास निघालें. अमेरिकेंत छापलेलें तें पहिलें वेल्श पुस्तक होय. त्याचें इंग्रजी भाषांतर रोलंड एलिस या त्याच भागांतून गेलेल्या गृहस्थानें केलें व तें १७२७ त प्रसिद्ध झालें. अवघ्या सहा वर्षांत भाषांतर निघावें, ही गोष्ट बोलकी आहे. रोलंडच्या मूळ शेतवाडीचें ‘ब्रिन मॉर’ हें नांव आज तेथील गांवास व प्रसिद्ध महाविद्यालयास आहे. नांव टिकलें, भाषा गेली.

इकडे वेल्समध्येंहि स्थलांतरानें सभा ओस पडल्या. अठराव्या शतकांतील मेथॉडिस्ट जागृति लोकांच्या भाषेंत बोलली व लोकांस तिनें आपलेसें केलें. क्वेकरांची वेल्समधील वार्षिक सभा १७९७ त बंद झाली. तथापि धागा अगदींच तुटला नाहीं. वेल्शचा थोर कवि वाल्डो विल्यम्स १९५३ त या समाजांत आला, आणि युद्धाच्या निषेधार्थ प्राप्तीवरील कर न भरल्याबद्दल त्यानें १९६० व १९६१ सालीं तुरुंगवासहि भोगला. २०१४ त वेल्समधील मित्रसमाजानें आपल्या विचारांचा जो संग्रह काढला, तो दोन्ही भाषांत आहे.

या इतिहासाचा बोध एवढाच कीं, सर्वांचें ऐकून घेण्याची प्रतिज्ञा ज्या सभेनें केली तिला भाषेचा प्रश्न किरकोळ म्हणून टाळतां येत नाहीं. बहुमताच्या सभेंत ज्यास भाषा कळत नाहीं त्याचाहि हात निदान मोजला जातो. एकमताच्या सभेंत त्याचें न बोलणें संमति म्हणून लिहिलें जाण्याचा धोका असतो. तेव्हां शांत बसलेला मनुष्य अंतर्मुख झाला आहे कीं त्याला शब्द सुचत नाहींत, हें लेखणी उचलण्यापूर्वीं ओळखणें, हेंच अशा सभेच्या चिटणिसाचें पहिलें कर्तव्य होय.