लडाखची पंगत

भारताच्या नकाशात अगदी उत्तरेस जो लडाख प्रदेश दिसतो, त्याविषयी आपल्या समाजात मोठे कुतूहल आहे. विहारांतून निघणाऱ्या धम्मसहली आता लेहपर्यंत जाऊ लागल्या आहेत. परत आलेले उपासक गोंपांची, मैत्रेयाच्या भव्य मूर्तींची आणि निळ्या आकाशाची वर्णने करतात. ती वर्णने खरीच असतात. परंतु ज्या भूमीत सुमारे हजार वर्षे बौद्ध धर्म अखंड नांदला, तेथील समाजरचना कशी आहे, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांनी विचारल्यावाचून राहू नये, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूमीचा विचार करू. सुमारे ५९,००० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती केवळ २,७४,२८९. बौद्धांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. मुस्लिम त्याहून काही अधिक. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिमालयाच्या आड असल्यामुळे मोसमी ढग येथवर पोहोचत नाहीत; वर्षाकाठी पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर. आपल्याकडील दुष्काळी माण तालुकासुद्धा या मानाने सुजलाम् म्हणावा लागेल. शेती चालते ती बर्फाच्या वितळत्या पाण्यावर. डोंगरउतारावरून काढलेल्या पाटांना तेथे ‘युरा’ म्हणतात, आणि कोणाच्या शेतास किती वेळ पाणी द्यावयाचे हे ठरविणारा गावचा पाटकरी म्हणजे ‘चुरपोन’. मुख्य पीक सातूचे. त्याचे भाजके पीठ आणि लोणी-मीठ घातलेला चहा हा नित्याचा आहार. जमीन तुटपुंजी म्हणून ती विभागू नये, यासाठी थोरल्या मुलाकडे वारसा, भावांची एकच पत्नी आणि एखादा मुलगा गोंपात, अशी व्यवस्था शतकानुशतके चालत आली. बहुपतित्वाची प्रथा १९४१ मध्ये कायद्याने बंद झाली.

राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येईल. सिंधूकाठच्या खलत्से गावाजवळचा खरोष्ठी शिलालेख कुषाणांशी येथील संबंध दर्शवितो. रिंचेन झांगपो (९५८–१०५५) यांच्या काळापासून पश्चिम तिबेट आणि काश्मीर यांच्या संगमातून येथील विहारकला बहरली; आल्चीची भित्तिचित्रे हे तिचे शिखर. १८३४ मध्ये जोरावरसिंगाने स्वारी करून हे राज्य डोगऱ्यांच्या अमलाखाली आणले, आणि त्यासोबत सारा व वेठबिगारीचे ओझे आले. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी काश्मीरचा हिंदू व बौद्ध भाग भारताकडे राहावा, असे मत मांडले होते, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख हा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लडाखी समाजात ‘रिग्स’ नावाची प्रतवारी आहे. वर राजघराणे, त्याखाली सरदार-अधिकाऱ्यांची कुळे, मग बहुसंख्य सामान्य शेतकरी, आणि सर्वांत खाली गारा, मोन व बेदा. गारा म्हणजे लोहार. मोन हे सुतार व वादक. बेदा हे दारोदार फिरून वाजविणारे. सणसमारंभात माणसे ज्या ओळीने बसतात तिला ‘डाल’ म्हणतात. शब्द वेगळा असला तरी आपल्या पंगतीचीच ही गोष्ट. प्रत्येकाची जागा प्रतिष्ठेनुसार ठरलेली, आणि या तिघांना स्थान ओळीच्या अगदी शेवटी किंवा ओळीबाहेर. त्यांच्याशी रोटीबेटी नाही, त्यांचा पेला वेगळा. त्यांच्या मुलांना गोंपात प्रवेश देण्याचीही परंपरा नव्हती. विवाह असो वा नववर्षाचा लोसार, मोनांच्या ‘सुरना’ आणि ‘दमन’ या वाद्यांवाचून शुभकार्य पार पडत नसे. आपल्या गावगाड्यात ज्याच्या सनई-हलगीशिवाय वरात हलत नसे त्याचे पान मांडवाबाहेर पडत असे, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना अधिक सांगणे न लगे.

याविषयी विनयपिटक काय सांगते? चुल्लवग्गात प्रसंग आहे. उत्तम आसन व प्रथम भिक्षा कोणाला द्यावी, असे भगवंतांनी विचारले. काही भिक्षूंनी क्षत्रिय कुळातून आलेल्यास, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेल्यास असे उत्तर दिले. भगवंतांनी ते अमान्य केले. तित्तिर पक्ष्याची कथा सांगून ज्येष्ठतेनुसार आसन द्यावे, असा नियम घालून दिला. नापित उपालीची दीक्षा शाक्य राजकुमारांच्या आधी झाली, ती याच न्यायाने ज्येष्ठ ठरावी म्हणून. तेव्हा पंगतीचा प्रश्न हा धम्माबाहेरचा नव्हे. तथागतांनी तो स्वतः हाताळलेला आहे.

येथे एक विचारप्रवर्तक बाब नोंदवावीशी वाटते. लेहच्या मोरावियन मिशनमधील अभ्यासक ए. एच. फ्रँके यांनी जांस्कर भागात मोनांच्या नावाने ओळखले जाणारे जुने अवशेष आणि लोकपरंपरा पाहून असे अनुमान केले की, मोन हे तेथील प्राचीन वसाहतकार असून तिबेटी लोक येण्यापूर्वीच बौद्ध धर्म त्यांनी तेथे नेला. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये मांडलेला, अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होत, हा सिद्धान्त आपल्या वाचकांना आठवेल. दोहोंतील साम्य मोहक आहे. परंतु फ्रँके यांचा पुरावा तोकडा आहे. त्यावर मोठी इमारत उभारण्याची घाई आम्ही करणार नाही. शिवाय मोनांनी धम्म आणला असो वा नसो, त्यांचा समान आसनावरील हक्क त्यावर अवलंबून नाही.

कायद्याची गुंतागुंत मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. १९८९ च्या आदेशाने लडाखमधील आठ समूह अनुसूचित जमाती ठरले. त्यांत बोत, म्हणजे बहुसंख्य बौद्ध, आहेत आणि बेदा, गारा, मोनही आहेत. ओळीच्या शिरोभागी बसणारा आणि ओळीबाहेर बसविला जाणारा एकाच यादीत आले. त्याच वर्षीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा तेथे २०१९ पर्यंत लागूच नव्हता. आता तो लागू झाला. पण त्यातील गुन्हा अनुसूचित जाती-जमातीबाहेरील व्यक्तीनेच केलेला असावा लागतो. अर्थात बोताने मोनाचा अवमान केला तर या कायद्याचे दार बंदच. संविधानाच्या कलम १७ चा आधार उरतो, तो मागण्याइतके बळ मूठभर कुटुंबांनी एकट्याने कोठून आणावे?

तेथील तरुणांनी आपल्या परीने एक उत्तर शोधले आहे. अनेक मोन आणि बेदा घरांतील मुलांनी वाद्ये खाली ठेवली आहेत. लोकसंगीत लोप पावत असल्याची हळहळ आता लेहमध्ये व्यक्त होते. ती वाजविणाऱ्यांना कोठे बसवीत होते, याचा उल्लेख त्या हळहळीत क्वचितच असतो. यापुढे धम्मसहलीस जाणाऱ्या आपल्या उपासकांनी गोंपांबरोबर या घरांचाही पत्ता विचारावा.